खोळंबा नेमका कुठे आहे?

११ फेब्रुवारी २०२५ रोजी चेन्नईहून एक बातमी आली. आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रकल्पातील प्रोसेसरवर आधारलेली ‘आयरिस’ ही चिप इस्रोच्या सहकार्याने सिद्ध होऊन यशस्वीपणे सुरू झाली होती. चिप चंडीगडजवळच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत घडली होती. त्याच आठवड्यात, त्याच शहरात, रिची स्ट्रीटच्या गर्दीत सोलापूरचा एक तरुण दुसऱ्याच प्रोसेसरच्या शोधात उभा होता.

भौतिकशास्त्र शिकलेला हा तरुण दिवसा नोकरी करतो आणि रात्री मराठी शाळांसाठी विज्ञानाचे व्हिडिओ तयार करतो. निवृत्त शिक्षक असलेले त्याचे वडील ते गावाकडच्या शाळेत दाखवतात. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी रामन परिणामावरचा पाठ हाती होता. सी. व्ही. रामन ज्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकले, त्या मरीना किनाऱ्यासमोरच्या इमारतीबाहेर चित्रण झाले होते. पाठ अवघा १२ मिनिटांचा. परंतु संकलनाला बसले की दर दोन तुकड्यांच्या सांध्यावर संगणक अडखळे आणि शेवटच्या एक्स्पोर्टला पुरता एक तास लागे.

नव्या यंत्रासाठी वडिलांनी निवृत्तिवेतनातून ४० हजार रुपये पाठवले होते. दुकानदाराने क्षणभरही विचार न करता सर्वांत मोठे ग्राफिक्स कार्ड पुढे केले. स्वतःच्या बचतीसह सारी रक्कम त्यातच संपणार होती. त्याने वडिलांना फोन लावला.

“घे की मग,” ते म्हणाले. “पण खोळंबा नेमका कुठे होतो, ते मोजलंस का रे? आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?”

प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय एक विधान न करणाऱ्या माणसाला हा प्रश्न लागला. काहीही न घेता तो परतला आणि तीन रात्री वही-घड्याळ घेऊन बसला.

मोजमाप उद्बोधक निघाले. ‘फोर-के’ चित्राच्या एका चौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला ३ बाइट धरले, तर सेकंदाला २५ चौकटींचे सुमारे ६२२ मेगाबाइट होतात. त्याचा कॅमेरा मात्र सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे १२.५ मेगाबाइटच नोंदवतो. जवळजवळ पन्नासावा भाग. ही काटकसर साधते ती एचईव्हीसीसारख्या पद्धतींमुळे. त्यांत काही चौकटीच पूर्ण साठवल्या जातात. मधल्या चौकटींत केवळ बदल नोंदलेले असतात. वाण्याच्या रोजकीर्दीत मधल्याच दिवसाची शिल्लक हवी असेल, तर मागून पुढे आणलेल्या रकमेपासून बेरीज-वजाबाकी करत यावे लागते. संगणकही प्रत्येक सांध्यावर हेच करत होता. प्रोसेसर शंभर टक्के राबत होता आणि जुने, साधे ग्राफिक्स कार्ड बहुतेक वेळ स्वस्थ बसून होते.

एक्स्पोर्टच्या ६० मिनिटांची फोड त्याने वहीत मांडली. चित्रण उकलण्यात ३० मिनिटे, रंग व परिणामांत १५, उरलेल्या कामांत १५. रंग आणि परिणाम तेवढे ग्राफिक्स कार्डाकडे. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार येथे लागू पडतो : कामाचा एकच भाग वेगवान केला, तर एकूण लाभाला उरलेल्या भागाची मर्यादा पडते. कार्ड अनंत वेगाचे आणले तरी १५ मिनिटेच वाचणार आणि ४५ राहणार. उलट उकलण्याचे काम नुसते तिप्पट वेगाने झाले, तरी ३० ची १० होऊन एकूण ४० मिनिटे लागणार. कल्पनेतल्या अनंताहूनही हा साधा उपाय सरस होता.

आता निवड सोपी झाली. त्याच्या कॅमेऱ्याचे चित्रण १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी प्रकारचे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्समध्ये ते उकलण्याची खास सोय आहे. नावाअखेर ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरांत मात्र हे ग्राफिक्स उपलब्ध नसते. एन्व्हिडियाच्या २०२५ पूर्वीच्या आरटीएक्स कार्डांत, अगदी महागड्यांतही, ४:२:२ ची ही सोय नव्हती. संकलनाचे सॉफ्टवेअर अशी सोय वापरते की नाही, हेही त्याने आधी तपासले. त्रिमितीय दृश्ये, नॉइज काढणे, रंगांवरचे बारीक काम ज्यांना रोज करावे लागते, त्यांनी मोठे कार्ड जरूर घ्यावे. त्याचे काम ते नव्हते.

त्याने मध्यम किमतीचा प्रोसेसर, त्याला जुळणारा मदरबोर्ड, ३२ जीबी मेमरी आणि चित्रणासाठी वेगळी एसएसडी घेतली. जुने कार्ड तसेच ठेवले. एका चांगल्या कूलरवरही खर्च केला, कारण हवेने थंड होणारी चिप खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही आणि चेन्नईच्या मे महिन्यात तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग आपणच कमी करतो.

‘आयरिस’ची बातमी त्याने त्या रात्री पुन्हा वाचली. २०१४ साली सुरू झालेला ‘शक्ती’ प्रकल्प रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर उभा आहे. अवकाशयानातील नियंत्रणाच्या कामासाठी असलेल्या या चिपवर कुणी व्हिडिओ संकलित करणार नाही. बाजारातला नवा प्रोसेसर तिच्याहून कितीतरी वेगवान असेल. परंतु अवकाशात गेलेली चिप दुरुस्त करायला कुणी जाऊ शकत नाही. तिथे वेगाआधी विश्वासार्हता लागते. काम ठरल्यावाचून प्रोसेसरला चांगला वा वाईट म्हणता येत नाही, एवढे त्या बातमीतून त्याला नव्याने उमगले. रामन यांनीही १९२८ मध्ये सूर्यप्रकाश, गाळण्या आणि स्वतःचे डोळे यांवरच सुरुवात केली होती. प्रश्न मात्र नेमका होता.

नव्या यंत्रावर एक्स्पोर्टला ३८ मिनिटे लागली. भाकितापेक्षा दोन कमी, कारण नव्या प्रोसेसरने उरलेली कामेही थोडी लवकर उरकली. पाठ २७ तारखेच्या रात्रीच गावी पोहोचला.

शिल्लक राहिलेले पैसे परत पाठवू लागला, तेव्हा वडिलांनी ते घेतले नाहीत. त्यांतून शाळेसाठी हातात धरण्याजोगा एक छोटा स्पेक्ट्रोस्कोप आला. २८ फेब्रुवारीला व्हिडिओ संपल्यावर मुले अंगणात आली आणि उजळलेल्या आभाळाकडे तो धरून, रांगेने, एकेक जण रंगांचा पट्टा पाहू लागला.