उतार मोडण्याची विद्या

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना कात्रजचा डोंगर मागें टाकून शिंदेवाडी व शिवापूर ओलांडलें कीं महामार्गालगत वरवे बुद्रुक हें भोर तालुक्यांतील गांव लागतें. ‘बुद्रुक’ हा शब्द फारसी ‘बुजुर्ग’ या शब्दावरून आला. म्हणजे हें थोरलें गांव. धाकटें तें वरवे खुर्द. प्रवासी येथें सहसा उतरत नाहीं. परंतु सपाटीचें शास्त्र ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें या बाजूचीं भातखाचरें अवश्य पाहावीं.

भातास उभें पाणी लागतें आणि उतारावर तें ठरत नाहीं. म्हणून शेतकरी आधीं वरची कसदार माती बाजूस काढतो, उंचवटा खणून सखल भागांत भर घालतो, खालच्या अंगास बांध घालतो व मग ती माती पुन्हां पसरतो. मात्र बांधांतून जादा पाण्यास वाट काढून दिल्यावांचून काम पुरें झालें असें तो मानीत नाहीं.

हीच कृति परदेशांत खेळासाठीं करितात, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल. गोल्फमध्यें सव्वाचार इंच रुंदीच्या खळग्यांत चेंडू घालावयाचा असतो. खळग्याभोंवतालच्या गुळगुळीत हिरवळीस ‘ग्रीन’ म्हणतात. पूर्वीं गवत उंच असे, त्यामुळें उतारावरही चेंडू थांबे. कापणीचीं यंत्रें सुधारलीं, गवत अधिकाधिक बारीक झालें आणि जुन्या उतारावर चेंडू ठरेना. स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूजच्या पुरातन मैदानावर २०१२ सालीं हातीं घेतलेल्या कामांत अकराव्या ग्रीनचा कांहीं भाग खालीं उतरविण्यांत आला. जुन्याचे अभिमानी त्यावर रुष्ट झाले. अशा कामाची रीत आपल्या शेतकऱ्याचीच: हिरवळ गालिच्यासारखी उचलावयाची, खालची माती उतरवावयाची आणि हिरवळ पुन्हां अंथरावयाची. तथापि जमीन अगदीं सपाट कोणी करीत नाहीं. शंभर फुटांस एकदोन फूट उतार पाण्यासाठीं राखतात.

संस्कृतांत नदीस ‘निम्नगा’ म्हणतात, म्हणजे सखल भागाकडे जाणारी. हा तिचा स्वभाव विसरल्यास काय होतें, तें याच रस्त्यावर दिसून आलें. ६ जून २०१३ रोजीं शिंदेवाडीजवळ पावसाचा लोंढा महामार्गावर आला. वर डोंगर फोडून सपाटी केलेली होती व ओढ्याची वाट बुजली होती. मोटारीनें चाललेल्या कुटुंबांतील एक माता व तिची लहानगी मुलगी त्यांत वाहून गेल्या. उतार तेथेंही मोडला होता. पाण्याची सोय तेवढी राहिली होती.

हल्लीं या बाजूस घरासाठीं जागा पाहणारे गृहस्थ पुष्कळ. त्यांनीं सपाटीवर भुलूं नये. भर पावसांत एकवार तेथें जावें आणि वरचें पाणी कोठून येतें व कोठें जातें, हें गांवांतील एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास विचारावें. व्यवहार मागाहून करावा.