विशेषणे वगळून

आम्ही दोघे भाईंदरला राहतो आणि महाविद्यालयात मराठी शिकवतो. विद्यार्थ्यांची टिपणे, प्रबंधांची प्रकरणे यांची छपाई घरीच चालते. प्रिंटरला बाहेरून टाक्या आणि नळ्या जोडून शाई पुरवणारी यंत्रणा घ्यायची ठरली. पण दूरच्या, न पाहिलेल्या विक्रेत्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा? शाई निकृष्ट निघाली आणि छिद्रे बुजली, तर कागदावर आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात. देवनागरीची शिरोरेखाही आडवीच. कधी तीच नाहीशी होते.

शेवटी आम्ही जाहिराती संहितेसारख्या वाचल्या. ‘अस्सल’, ‘सर्वोत्तम’, ‘खात्रीशीर’ ही विशेषणे वगळल्यावर एका विक्रेत्यापाशी काहीच उरेना. दुसऱ्याने कार्ट्रिजचे क्रमांक दिले होते, शाई डाय की पिगमेंट हे सांगितले होते आणि ही यंत्रणा कोणत्या प्रिंटरना बसणार नाही, तेही नोंदवले होते. गिऱ्हाईक गमावण्याची ज्याची तयारी असते, त्याच्या शब्दाला वजन येते.

कायदाही विशेषणे मागत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने नाव-पत्ता, परताव्याच्या अटी सांगायच्या असतात. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावे लागते. जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर पडताळता येतो. दाद मागायची वेळ आलीच, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

एवढे पाहूनही आम्ही पहिली मागणी काळ्या शाईच्या एका बाटलीपुरतीच ठेवली. बिलावर जाहिरातीतलेच नाव होते. मग यंत्रणा मागवली.