नेम आणि शिस्त

'नेम' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एकादशीचा नेम, रोजच्या वाचनाचा नेम, नेमधर्म यांतला नेम म्हणजे स्वतःला घालून घेतलेले बंधन. आणि दुसरा नेम बंदुकीचा, गलोलीचा, लक्ष्यावर रोखलेला. 'शिस्त' या शब्दाची कथाही अशीच. फारसीतून आलेला हा शब्द आज शाळा-महाविद्यालयांच्या परिपत्रकांत येऊन स्थिरावला असला, तरी जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. अनेकार्थता शिकवताना ही जोडी आम्ही उभयता वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. दोन्ही शब्दांत हेच दोन अर्थ शेजारी का नांदावेत, याचा विचार मात्र आम्ही २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत केला, आणि तोही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका चांदमारीच्या मैदानावर.

भाच्याकडे गेलो होतो. त्याच्या शेजारी राहणारे सत्तरीतले गृहस्थ निवृत्त सुतार. त्यांनी सुटे भाग आणून, मेपलच्या लाकडाचा दस्ता स्वतः घडवून एक ठासणीची रायफल तयार केली होती. नळी सुमारे साडेतीन फुटांची, चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादी पातीवर घासून ठिणगी पडणार, अशी. अठराव्या शतकात याच राज्याच्या लँकेस्टर परगण्यात जर्मन आणि स्विस वंशाच्या कारागिरांनी ही लांब नळीची रायफल घडवली, नावारूपाला आणली. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर जानेवारीच्या मध्यापर्यंत हरणांच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो. १९७४ पासून चालत आलेल्या या हंगामात गारगोटीच्या ठासणीच्या बंदुकीची परंपरा जपली जाते. दुर्बीण चालत नाही. त्या हंगामाआधी नव्या रायफलचा नेम बसवायला ते निघाले होते. 'काका, मावशी, येताय का? पण कानांत बोळे घालावे लागतील,' असे भाच्याने विचारले आणि आम्ही गेलो.

गेलो खरे, पण एका मनाने नव्हे. आमच्यापैकी एकाचे आजोळ सिंधुदुर्गातले. तिथे रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक घरात असणे ही नवलाची गोष्ट नाही. 'बार भरणे', 'गज', 'रंजक' हे शब्द त्या घरात कोशाबाहेरही जिवंत होते. दुसरीच्या माहेरी मुंगीलाही वाट सोडून देण्याचा संस्कार. हरीण मारण्याची तयारी पाहायची तरी कशाला, हा तिचा प्रश्न होता. आणि तो अखेरपर्यंत प्रश्नच राहिला.

मैदानावर गोळीबारापेक्षा थांबणेच अधिक होते. शिंगातली दारू आधी मापात घ्यायची, मग मापातून नळीत; शिंगातून थेट नळीत कधीच नाही, कारण आत एखादी ठिणगी धुमसत असेल तर हातातले शिंगच पेटेल. दारू सत्तर ग्रेन, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम. नळीच्या तोंडाशी वंगण लावलेली कापडाची चकती, तिच्यावर अर्ध्या इंचाहून किंचित कमी व्यासाची शिशाची गोल गोळी. मग गजाने ठासत ती दारूवर टेकेपर्यंत खाली न्यायची. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते, म्हणून गजावर खूण केलेली. खूण नळीच्या तोंडाशी आली की बार नीट बसला. शेवटी बाजूच्या लहानशा खोबणीत चिमूटभर बारीक दारू: हीच रंजक.

वाळूच्या पिशव्यांवर नळी टेकवून त्यांनी पंचवीस यार्डांवरच्या कागदावर पहिली गोळी झाडली. ती वर्तुळाच्या खाली, डावीकडे लागली. आता ते काही दुरुस्त करतील असे आम्हांला वाटले. त्यांनी काहीच केले नाही. नळी पुसली, तितकीच दारू, तशीच चकती, पुन्हा तोच नेम. तीन गोळ्या झाल्यावर ते कागदापाशी गेले. तिन्ही छिद्रे जवळजवळ होती. 'एका छिद्रावरून काही ठरवायचे नसते,' ते म्हणाले, 'ते बंदुकीचे असेल, माझे असेल, वाऱ्याचे असेल. तीन एकत्र पडली की बंदूक बोलते.' एका कवितेवरून कवीचा कल सांगणाऱ्या आमच्या समीक्षाव्यवहाराची आठवण आम्हां दोघांनाही एकाच वेळी झाली असावी; आम्ही एकमेकांकडे पाहिले.

मग दुरुस्ती. मागची खाच असलेली पट्टी त्यांनी पितळी खिळ्यावर हातोडी मारून केसभर उजवीकडे सरकवली. गोळी ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला मागची पट्टी सरकवायची असते. उंचीचा प्रश्न पुढच्या टोकाच्या माशीचा. माशी जितकी उंच, तितकी गोळी खाली. म्हणून बंदूक घडवताना माशी मुद्दाम उंच ठेवतात आणि मैदानावर कानशीने घासत आणतात. कानशीचे दोन हात, तीन गोळ्या. पुन्हा दोन हात, पुन्हा तीन गोळ्या. घासलेले पितळ परत जोडता येत नाही, म्हणून घाई नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: माशी घासली तर दारू तितकीच, दारू बदलली तर माशीला हात नाही. पन्नास यार्डांवर गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडू लागायला दुपार झाली.

इथवरचे काम बंदुकीचे होते. त्यानंतर त्यांनी वाळूच्या पिशव्या बाजूला केल्या आणि उभे राहून, बिनआधाराने गोळ्या झाडल्या, कारण रानात पिशव्या नसतात. गारगोटीच्या बंदुकीत चाप ओढणे आणि गोळी सुटणे यांच्यामध्ये क्षणाचा एक अंश जातो. डोळ्यांसमोर रंजक भडकलेली असताना तेवढा वेळ नेम ढळू द्यायचा नसतो. पन्नास यार्डांवर त्यांना ते साधले. पंचाहत्तरवर गोळ्या ताटाबाहेर विखुरल्या. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून जागा साधारण आठ इंचांची. ते बराच वेळ कागदाकडे पाहत उभे राहिले. बंदूक पंचाहत्तरला समर्थ होती. त्यांचे हात आता नव्हते. वहीत त्यांनी लिहिले: पन्नास. त्यापलीकडचे हरीण त्यांच्यासाठी हरीणच नव्हे.

चाळिशी ओलांडलेल्या आम्हांला तो आकडा लागला. आपला पल्ला कमी झाला हे कळण्यासाठी माणूस आपण होऊन मैदानावर जातो, कागदावर पुरावा घेतो आणि तो मानतो, हे आमच्या व्यवसायात फारसे घडताना दिसत नाही.

अमेरिकेच्या साहित्यातही ही बाब आहे. जेम्स फेनिमोर कूपरच्या 'द पायोनियर्स' या १८२३ च्या कादंबरीत गावकरी कबुतरांच्या प्रचंड थव्यांवर बंदुकांचाच नव्हे, तर लहान तोफेचाही मारा करतात. लांब रायफलवाला म्हातारा नॅटी बम्पो एका गोळीत एकच पक्षी टिपतो आणि त्या नासाडीचा धिक्कार करतो. त्या जातीचे शेवटचे कबुतर १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. पेनसिल्व्हेनियातली हरणेही एकेकाळी जवळजवळ संपली होती. १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून ती आणून सोडावी लागली. आज ती इतकी वाढली आहेत की जंगलातली कोवळी रोपे वाढू देत नाहीत. मर्यादा न पाळल्याचा इतिहास तिथे ताजा आहे.

आपल्याकडचे उदाहरण दशरथाचे. शब्दवेध ही त्याची अपूर्व विद्या. न पाहता, केवळ घागर भरल्याच्या आवाजावर त्याने बाण सोडला. बाण अचूक लागला आणि श्रावण गेला. नेम चुकला नव्हता. नेमाचा दुसरा अर्थ तेवढा सुटला होता.

जानेवारीत भाच्याचा निरोप आला. शेजाऱ्यांना तीनदा हरीण दिसले; दोनदा ते पन्नासांच्या पलीकडे होते, त्यांनी चापाला बोट लावले नाही. तिसऱ्यांदा अंतर तीस-पस्तीस पावलांचे होते; एकच बार झाला, हरीण जागीच पडले. निरोप वाचून आमच्यातला जुना वाद पुन्हा निघाला. एकाचे म्हणणे, जो मारणारच आहे त्याने असेच मारावे, यापलीकडे त्याच्याकडून काय मागायचे? दुसरीचे म्हणणे, नियम पाळून घेतलेला जीव हाही घेतलेलाच जीव. अचूकपणा हे पुण्य नव्हे. दोघांनाही माघार घ्यावीशी वाटत नाही.

तरी एका गोष्टीवर एकमत आहे. शब्दांचे ते दोन अर्थ आता आम्ही फळ्यावर दोन स्वतंत्र ओळींत लिहीत नाही. आधी बंधन, मग लक्ष्य, असे एकाच ओळीत लिहितो; आणि विद्यार्थ्यांनी क्रमाचे कारण विचारले, तर वहीतल्या त्या 'पन्नास'ची गोष्ट सांगतो.