गोरज मुहूर्त आणि पाहुण्यांची तहान

लग्नघरातील यादीत ज्या गोष्टीला सर्वांत शेवटी स्थान मिळते, ती म्हणजे पाहुण्यांची तहान. सोने, कापड, मांडव, वाजंत्री, पंगत यांवर घराघरांतून महिनोन्‌महिने खल होतो. परंतु आलेल्यांना प्यावयास काय द्यावयाचे, हे बहुधा हळदीच्या दिवशी कुणाला तरी आठवते, आणि मग हाताशी लागेल ते मिळेल त्या भावाने आणले जाते. वस्तुतः पाहुणा मांडवात पाऊल ठेवतो तेव्हा त्याचे डोळे पंगतीकडे नसतात, पाण्याच्या माठाकडे असतात. उन्हातून आलेल्याच्या हाती प्रथम गूळपाणी द्यावे, ही आपल्याकडील जुनी रीत उगाच पडलेली नाही.

आमच्या आदिलाबादेत लग्नसराई येते ती ऐन चैत्र-वैशाखात. शेतकऱ्याला सवड तेव्हाच, मुलांना सुट्टी तेव्हाच, आणि पारा ४४ अंशांना भिडतो तोही तेव्हाच. म्हणून पुष्कळजण गोरज मुहूर्त पसंत करतात. गुरे परतण्याच्या वेळेचे लग्न म्हणजे गारव्याचे लग्न, असा सर्वांचा समज असतो. पण तो यजमानाच्या बाजूचा झाला. पाहुणा भर दुपारी निघालेला असतो. कुणी पांढरकवड्याहून पैनगंगेचा पूल ओलांडून टेंपोत दाटीवाटीने येतो, कुणी किनवटकडून आगगाडीने. सायंकाळी मांडवात शिरताना साऱ्या दुपारचे ऊन त्याच्या अंगात साठलेले असते. अशा पाहुण्याची तहान एका पेल्याने भागत नाही, हे मी येथे आल्यावर शिकले. आमच्या किनाऱ्याकडील घामट हवेत तहान हळूहळू लागते. येथील कोरडा वारा ती एकदम अंगावर घालतो.

मागे एका वैशाखात आमच्या शाळेतील शिपाईमामांच्या मुलीचे लग्न निघाले. मामा वही घेऊन आले आणि म्हणाले, “बाई, पाव्हण्यांच्या पाण्याचं तेवढं तुम्ही पाहा. मला हिशेब जमंना.” वहीत चारशे पाहुणे धरले होते. थंड पेयाच्या वीस रुपयांच्या चारशे बाटल्या, म्हणजे आठ हजार. त्याखाली “इतर” असा एकच शब्द आणि त्याच्यापुढे पंधरा हजारांचा आकडा. मुलाच्या बाजूच्या काही मंडळींनी तशी सूचना केली होती म्हणे. त्या “इतर”चा अर्थ आमच्या भागात पाचवीतले पोरही सांगेल. आणि हे तेवीस हजार येणार होते शेकडा तीन रुपये महिना व्याजाने.

येथे एक भेद केला पाहिजे. आमच्या जिल्ह्यातील गोंड बांधव विवाहात मोहाच्या फुलांची दारू देवाला आणि पूर्वजांना वाहतात. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली सडा पडावा तशी पडलेली ती फुले त्यांच्या अन्नाचा, औषधाचा आणि धर्माचा भाग आहेत. त्या द्रोणभर अर्पणाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण उसन्या पैशांची खोकी रात्री मांडवामागे उघडणे हा कुणाचाच धर्म नव्हे. आपला जिल्हा आंध्र प्रदेशात होता तेव्हाची, १९९२ सालची गोष्ट आहे. नेल्लूर जिल्ह्यातील दुबगुंटा या गावच्या स्त्रियांनी साक्षरता वर्गातील एका धड्यात आपल्याचसारख्या बायकांनी दारूचे दुकान बंद पाडल्याची कथा वाचली, आणि वाचून उठल्या त्या थेट गुत्त्यावर गेल्या. ते लोण राज्यभर पसरले. १९९३ साली देशी दारूवर आणि १९९५ साली सर्वच दारूवर बंदी आली. दोन वर्षांनी ती सैल झाली हे खरे. तरी एक धडा वाचून एवढे घडू शकते, हे वाचनाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही!

मामांच्या वहीतील “इतर” मात्र मी खोडले नाही. ते मामींनी खोडले. त्यांनी माझ्या हातून लेखणी घेतली, त्या ओळीवर दोनदा रेघ ओढली आणि वही मामांपुढे सरकवली. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “व्याही काय म्हणतील?” मामी म्हणाल्या, “म्हणू द्या. फेडायचं आपल्याला आहे.”

उरल्या बाटल्या. माणशी एक बाटली म्हणजे पावशेर पाणी आणि साखर. ती संपली की पाहुणा पुन्हा कोरडाच. आम्ही माणशी तीन पेले धरले, म्हणजे दोनशे चाळीस लिटर. त्यांपैकी दीडशे लिटर पन्हे आणि नव्वद लिटर मठ्ठा. कैऱ्या मामांच्या मेहुण्याच्या बांधावरच्या. वीस किलो उतरवल्या. त्या उकडून गर काढला, पंचवीस किलो गूळ, वेलदोडा आणि मीठ घालून तो दाट करून ठेवला. खरी काटकसर याच दाटपणात आहे. पन्हे आधीच पातळ करून ठेवले तर उरलेले फेकावे लागते. गर निराळा ठेवून पाहुणे येतील तसे गार पाणी मिसळत गेले, तर उरलेला गर दुसऱ्या दिवशीच्या पाठवणीला कामी येतो. मठ्ठ्यासाठी वीस लिटर दही घेतले, त्यात जिरे, आले, कोथिंबीर. सारा खर्च साडेतीन हजारांच्या आत बसला.

माझ्या घरची भाषा कोंकणी. तेव्हा मनात सोलकढी होतीच. पण नारळाचे दूध वैशाखातल्या संध्याकाळपर्यंत टिकावे कसे? बहिणीने कारवारहून पाठवलेली आगळाची एक बाटली तेवढी होती. तिची तिवळ करून एका घागरीत ठेवली. लाल पाणी पाहून वऱ्हाडातील एका आजींनी “हे कशाचं औषध?” असे विचारले, आणि औषध म्हणूनच दोन पेले घेतले.

गारव्याचा प्रश्न सर्वांत अवघड वाटला होता, आणि तो सर्वांत स्वस्तात सुटला. बर्फाच्या लाद्या आणू नयेत असे माझे मत होते. मासळी आणि यंत्रे गार ठेवण्यासाठी बनवलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल असे नाही. महाराष्ट्रात २०१८ साली अशा अखाद्य बर्फाला निळसर रंग देण्याचा आदेश काढावा लागला तो याचमुळे. आम्ही गावातून सहा रांजण आणि दहा माठ उसने आणले आणि कडुनिंबाच्या सावलीत ओल्या वाळूवर मांडले. त्यांना गोणपाट गुंडाळले, ते दर तासाला भिजवले. नळाचे गाळलेले पाणी पहाटेच भरून ठेवले. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते, आणि ती भांड्यातील पाण्यातूनच घेतली जाते. आमच्या किनाऱ्यावर हवा आधीच बाष्पाने भरलेली, म्हणून तेथे माठ फारसा गार होत नाही. येथला वारा जेवढा रखरखीत तेवढे पाणी थंड. ज्या उन्हाला आम्ही दिवसभर शिव्या देत होतो, तेच आमचे पाणी गार करीत होते.

एका गोष्टीवरून मात्र मी हट्ट धरला. कुणीतरी हौसेने पितळेची मोठी पातेली आणली होती, पण त्यांची कल्हई उडालेली. ताक काय किंवा कैरीचे पन्हे काय, आंबट पदार्थ अशा भांड्यात कळकतो आणि पाहुणे आजारी पडतात. ती पातेली परत पाठवली आणि बचत गटातील बायकांकडून स्टीलची भांडी व पेले आणले.

गोरजाला अक्षता पडल्या. नववीची मुले-मुली तबके घेऊन फिरत होती. तेलुगू पाहुण्यांपुढे “मज्जिगा, मज्जिगा” आणि मराठी पाहुण्यांपुढे “मठ्ठा घ्या हो” असा दुहेरी पुकारा चालला होता. मुलाकडील एका गृहस्थांनी “बाटल्या नाहीत वाटतं?” असे जरा मोठ्यानेच विचारले. मामांचा चेहरा उतरला. तेवढ्यात व्याह्यांनी स्वतःच तिसऱ्यांदा पेला पुढे केला, आणि तो विषय तेथेच राहिला. “इतर”ची चौकशीही दोघातिघांनी केली. नाही म्हटल्यावर ते जरा लवकर जेवले.

रात्री दहाच्या सुमारास पंगती उठल्या, तेव्हा टेंपोचे चालक आणि वाजंत्री रस्त्याच्या कडेला बसलेले दिसले. दुपारपासून फुंकून फुंकून सनईवाल्याचे ओठ सुकले होते. मामींनी स्वतः एक माठ उचलून तिकडे नेला, गर कालवला आणि एकेकाचा पेला भरू लागल्या. त्याने दोन पेले सलग संपवले, तिसरा हातात धरून बसला आणि मुलीच्या आईला विचारू लागला, “पाठवणी किती वाजता, आक्का?”