चेहऱ्याला करडईचं तेल

आमच्या भागात करडईचं तेल फोडणीत पडतं. डोक्याला खोबरेल, अंगाला तिळाचं, दुखऱ्या गुडघ्याला मोहरीचं, अशी तेलांची वाटणी आधीपासून ठरलेली. तोंडाला लावायचं तर बायकांनी स्नो-पावडर, आणि पुरुषांनी काहीच नाही. मी मात्र गेले काही हिवाळे दाढी झाली की चेहऱ्याला करडईचं तेल लावतो. गावात हे सांगितलं की लोक आधी हसतात, आणि माणसं पांगली की त्यांतलाच एखादा हळूच विचारतो, "सायेब, कुठलं घेता?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकतो.

माझी नोकरी पशुधन पर्यवेक्षकाची. बार्शीच्या पुढं बालाघाटाच्या पठारावर भूम-परांड्याकडची गावं माझ्याकडे. गाय माजावर आल्याचा फोन आला की थंडी बघत बसता येत नाही, मोटारसायकल काढावीच लागते. इथला हिवाळा नुसता गार नसतो, कोरडा असतो. पहाटे उघड्या माळावरनं वारा येतो तो तोंडावर पाण्याचा अंश ठेवत नाही. वर आमच्या कामात दर गोठ्यातनं बाहेर आलं की हात-तोंड धुवायचं, आणि हौदाच्या कडेला असते ती कपड्याच्या साबणाची वडी. दिवसाकाठी तीन-चारदा त्या वडीनं तोंड धुतल्यावर चेहऱ्याचं काय होणार! गालांवर पांढुरकी फूट, नाकाच्या कडेला सालपटं, ओठ उललेले. दाढीनंतर तुरटी फिरवली की डोळ्यांत पाणी यायचं.

उपाय केले नाहीत असं नाही. कोल्ड क्रीम चांगलं, पण गाडीवर फिरणाऱ्याच्या तोंडावर त्याचा आणि फुफाट्याचा मिळून लेप बसतो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरात सकाळी बाटली गरम पाण्यात धरून बसायचं, आणि लावल्यावर कपाळावर पुटकुळ्या. नुसतं ग्लिसरीन चिकट. शेवटी "आपल्या कामात हे असंच चालायचं" म्हणून सोडून दिलं होतं.

मुलगी सोलापूरला बी. फार्म.ला. दिवाळीच्या सुटीत ती आली तेव्हा बेसिनपाशी एक काळपट काचेची बाटली दिसली. ३० मिली, झाकणाला रबरी ड्रॉपर. मी म्हटलं हे कसलं औषध? तर म्हणे, "पप्पा, फेस ऑइल आहे. निम्म्याच्या वर करडईच आहे त्यात, बाकी थोडं थोडं दुसरं." बायकोनं किंमत ऐकली आणि कपाळावर हात मारला. "अगं, एवढ्यात तर डबा भरून करडई आली असती घाण्यावरनं!" पोरगी हसली आणि म्हणाली, "मग आणा की."

आणलं. आणि तेव्हापासून तेच चालू आहे.

हे तेल का चालतं, ते मुलीनं समजावलं आणि थोडं माझ्या धंद्यातनंही मला कळत होतं. थंडीत गाईची सडं उलतात. धार काढायच्या आधी सडं धुतली जातात, ती ओली राहिली आणि वारा लागला की चिरा पडतात. म्हणून सडं बुडवायच्या आयोडीनच्या द्रावणात ग्लिसरीन घातलेलं असतं. चामडं पाण्यानं फुटत नाही, पाणी उडून गेल्यानं फुटतं. माणसाच्या कातडीचंही तेच. तिच्या सगळ्यांत वरच्या थरात मेलेल्या पेशी असतात आणि त्यांच्या फटी स्निग्ध द्रव्यांनी बुजवलेल्या असतात. साबण ती द्रव्यं धुऊन नेतो. या द्रव्यांतलं एक महत्त्वाचं द्रव्य बनायला लिनोलेइक आम्ल लागतं, आणि ते आपलं शरीर स्वतः तयार करू शकत नाही. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात हे आम्ल साधारण ७० ते ७५ टक्के असतं. खोबरेलात ते नावालाच, तिथं निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा.

ऑलिव्ह तेलाचा सध्या बराच बोलबाला आहे, पण ते ओलिक आम्लाचं तेल. इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांच्या हातांवर ऑलिव्ह आणि सूर्यफूल अशी दोन्ही तेलं लावून केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ऑलिव्हनं त्वचेचा संरक्षक थर कमजोर झाला, सूर्यफुलानं तो शाबूत राहिला. ढाक्याच्या रुग्णालयात दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल चोळल्यावर त्यांच्यातला जंतुसंसर्ग कमी झाल्याचंही २००५ साली प्रसिद्ध झालं होतं. सूर्यफूल आणि करडई एकाच कुळातली, आणि दोन्हींच्या नेहमीच्या तेलाची घडणही बरीच सारखी. आम्ही मात्र आपल्या बांधावरचं सोडून परदेशी बाटल्यांची नावं पाठ करतो.

आता लावायचं कसं ते नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. दाढी झाली की साध्या पाण्यानं तोंड धुतो आणि पंच्यानं पुसत नाही, फक्त टिपून घेतो. चेहरा दमट हवा. डाव्या तळहातावर तीन थेंब. त्याहून जास्त नाही. तळहात एकमेकांवर घासले की तेल पातळ पसरतं, मग दोन्ही हात गालांवर दाबायचे, हनुवटीवर, गळ्यावर, उरलंसुरलं कपाळावर. चोळायचं नाही. नाकाला लावायची गरज नाही, तिथं देवानं आधीच भरपूर दिलंय. पहिल्यांदा आरशात तोंड चकाकतं आणि वाटतं, आता दिवसभर असंच भज्यासारखं फिरायचं का? पण चहाला उकळी येईपर्यंत ते बसतं. तेवढ्यानं बसलं नाही तर थेंब जास्त झाले असं समजावं आणि कोरड्या रुमालानं टिपून घ्यावं.

चेहरा दमट हवा म्हणतो त्याला कारण आहे. तेलात पाणी नसतं, त्यामुळे ते कातडीला ओलावा देत नाही. असलेला ओलावा अडवून धरतं. कोरड्याठाक तोंडावर कितीही तेल थापलं तरी आतली ओढ जात नाही, वरनं फक्त तुकतुकी येते. संक्रांतीच्या आसपास हवा फारच कोरडी झाली की मी आधी गुलाबपाण्यात थोडं ग्लिसरीन कालवून लावतो आणि त्यावर तेल. ग्लिसरीन पाणी धरतं, तेल ते उडू देत नाही. नुसतं अडवायच्या कामात व्हॅसलिन तेलापेक्षा सरस आहे, हेही सांगायला हवं. टाचांना आणि ओठांना मी अजून तेच लावतो. तोंडाला मात्र ते जड होतं, आणि फुफाट्यात तर बघायलाच नको.

फरक काय पडला? गालांची फूट थांबली. सालपटं गेली. दाढीनंतरची आग जवळपास बंद झाली, तुरटीही सुटली. सलूनवाला एकदा वस्तरा फिरवताना म्हणाला, "साहेब, आता ब्लेड अडकत न्हाई." एवढंच. उन्हानं पडलेले डाग गेले नाहीत, रंग उजळला नाही, आणि वय जेवढं आहे तेवढंच दिसतं. तेल उन्हापासून वाचवतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मार्चनंतर मी सनस्क्रीन लावतो आणि वर रुमाल बांधतो.

खरी अडचण लावण्यात नाही, तेल मिळण्यात आहे. लहानपणी ज्वारीच्या पाट्यांत करडईच्या ओळी असायच्या आणि वावराच्या कडेनं करडईचा पट्टा असायचा. काट्यांमुळं जनावर आत शिरत नसे. कोवळी असताना तिचीच भाजी व्हायची. काढणी मात्र जिवावरची. हातापायांना फडकी गुंडाळून, पहाटे दव असतानाच उपटायची, कारण ऊन चढलं की काटे कडक होतात आणि बोंडंही फुटतात. आता मजूर त्या वावरात पाऊल टाकत नाहीत. फलटणच्या निंबकर संस्थेनं 'नारी-६' नावाचा बिनकाट्याचा वाण काढला, पाकळ्या वेचणाऱ्यांना तो सोयीचाही आहे, पण आमच्याकडं तोवर सोयाबीन आणि हरभऱ्यानं रान घेतलं होतं. त्यामुळं बार्शीतला आमचा घाणेवाला शेंगदाणा रोज काढतो आणि करडई मात्र ऑर्डर साचली की. "बी गोळा व्हाया पायजे ना, डॉक्टर," असं म्हणतो. आम्हाला सगळे डॉक्टरच म्हणतात.

करडई रोज निघत नाही, त्यामुळं ताजं तेल हाती लागेलच असं नाही, आणि हे ताज्या-शिळ्याचं प्रकरण चेहऱ्यासाठी महत्त्वाचं आहे. ज्या लिनोलेइक आम्लासाठी आपण हे तेल घेतो, तेच हवा लागली की लवकर बिघडतं. करडईचं तेल पातळ पसरून उघडं ठेवलं तर चिकट होत होत वाळतं. म्हणूनच ते रंग-वार्निशातही वापरतात. तेव्हा स्वयंपाकघरातल्या डब्यातलं, रोज झाकण उघडून गॅसशेजारी तापलेलं तेल तोंडाला नको. मी घाण्यावरचं निवळलेलं तेल खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या, पूर्ण वाळवलेल्या तपकिरी बाटलीत भरतो आणि फ्रिजच्या दारात ठेवतो. ते तिथंही पातळच राहतं. ताज्या तेलाचा रंग फिकट सोनेरी आणि वास करडई भरडताना येतो तसा, किंचित कच्चट. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला की ते फेकायचं. त्याची फोडणीही नको.

रिफाइंड चालतं का, असं पुष्कळ जण विचारतात. चालतं. वास नको असेल तर तेच बरं. फक्त पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा, कारण करडईच्या नावाखाली बऱ्याचदा भाताच्या कोंड्याचं तेल मिसळलेलं असतं. ते वाईट नाही, पण तुम्ही मागितलेलं ते नव्हे. जास्त ओलिक आम्लाचे करडईचे वाणही आता आलेत. त्यांचं तेल टिकतं जास्त, म्हणून तळणाला उत्तम. चेहऱ्याला मी जुन्या वाणांचंच घेतो.

आणि सगळ्यांनीच लावावं असंही नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या भुवयांत आणि नाकाच्या कडांना लालसर, तेलकट खपल्या होत्या. कोरडेपणा समजून त्यानं माझं बघून तेल सुरू केलं आणि खाज वाढली. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा कोंड्याचाच प्रकार आहे, त्यातली बुरशी तेलावर पोसते. तेल बंद झालं, औषधी शाम्पू आणि मलम मिळालं, आणि तो बरा झाला. दुसरी गोष्ट गाजर गवताची. आमच्या भागात गाजर गवतानं तोंड-हात उठणारी माणसं गावोगाव आहेत, आणि करडई त्याच कुळातली. त्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. खाजलं तर नाद सोडावा.

तेव्हा घाण्यावर गेलात तर दोन प्रश्न विचारा: तेल कधी काढलं, आणि त्यात दुसरं काही आहे का. उत्तर देताना घाणेवाला अडखळला तर घेऊ नका. घेतलंत तर चेहऱ्यासाठी शंभर मिली पुरे, थंडी सरेपर्यंत तेवढंही संपत नाही.