वाजते ना अजून?

वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. लहानपणी वडील मला उचलून धरायचे आणि मी ती बडवायचो. ‘वसई जिंकून आणलीय आपण,’ ते सांगायचे. तो ‘आपण’ मला चांगलाच चिकटला. पुढे नाशकात नारोशंकराची घंटा पाहिली, भीमाशंकरची पाहिली. त्याही वसईच्याच. दर वेळी छाती तेवढीच फुगली. वसईत ख्रिस्ती राहतात हे माहीत होतं, पण माझ्या लेखी ते पोर्तुगीज जाताना मागे राहिलेलं सामान. लिहायला लाज वाटते, पण वाटायचं ते असंच.

दोन वर्षांपूर्वी आम्ही वीसेक जण वसईची जुनी चर्च पाहायला गेलो. चिमाजी अप्पांनी 1739 साली घेतलेल्या किल्ल्यात सेंट जोसेफचं चर्च छपराविना उभं आहे. मनोरा शाबूत आहे. वर कमानीत घंटेची जागा रिकामी. मला काही वाटलं नाही. मी फोटो काढला.

जेवण आमच्या वाटाड्याच्या घरी होतं. पानं मांडली आणि जवळच्या चर्चची बाराची घंटा झाली. लाल लुगड्यातल्या त्याच्या आजी हातातलं भांडं खाली ठेवून उभ्या राहिल्या. डोळे मिटून प्रार्थना पुटपुटल्या. प्रार्थना मराठीत होती. मग मला विचारलं, ‘‘कुठले तुम्ही?’’

‘‘साताऱ्याकडचा.’’

‘‘तिकडं आमच्या घंटा गेल्यात म्हणे. वाजतात ना अजून?’’

आवाजात तक्रार नव्हती. लांबच्या गावी दिलेल्या लेकीची खुशाली विचारावी, तसं विचारलं. फक्त ही लेक कुणी दिली नव्हती, नेली होती.

‘‘वाजतात की, आजी,’’ मी म्हटलं आणि घास घशात अडकला. वाजते म्हणजे काय, तर येणारा-जाणारा गंमत म्हणून दोन टोले देतो. इथे याच आवाजावर दिवस उगवतो, मावळतो. गावातलं माणूस गेलं तरी आधी घंटाच सांगते. पोर्तुगीज केव्हाच गलबतांत बसून गेले. मागे उरले ते इथलेच शेतकरी, कोळी. मराठीत देवाला हाक मारणारे. माझ्या ‘आपण’मध्ये त्यांना कधी जागाच नव्हती.

पोर्तुगिजांचा जुलूम खरा होता, मराठ्यांचा पराक्रमही खरा. तो अभिमान मी टाकलेला नाही. पण त्यात माझं कर्तृत्व काय? मी फक्त घंटा बडवली होती.

परतल्यावर मेणवलीला गेलो. प्रथमच न वाजवता घंटेजवळ उभा राहिलो. तिच्यावर 1707 साल आहे. त्याखेरीज धातूतच उठवलेली एक आकृती आहे. बोट फिरवून पाहिलं : मेरी, कडेवर बाळ येशू.

ही मायलेकरं मी इतकी वर्षं बडवत आलो होतो. पाहिली मात्र नव्हती.