पुन्हा रुग्णशय्येपाशी

परिचर्येची नोकरी सोडता येते, परिचर्येची सवय मात्र सुटत नाही, असे आमचे मत आहे. लग्नाच्या पंगतीतही कोणाच्या पायांवर सूज दिसली, की आमची नजर तेथेच अडते. तरीही तेरा वर्षे संसारात घालवून २०२२ साली पुन्हा रुग्णशय्येपाशी उभे राहायचे ठरले, तेव्हा मन धास्तावले. ज्या हातांवर पूर्वी भिस्त होती, ते हात आता साथ देतील काय?

आमचे वास्तव्य न्हावा शेवा येथे. न्हावा आणि शेवा ही मुळात दोन गावे. २६ मे १९८९ रोजी येथे बंदर सुरू झाले आणि ही जोडनावे देशोदेशींच्या जहाजांच्या कागदपत्रांवर गेली. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही येथे आलो. मुले लहान, म्हणून मुंबईतील मेडिकल वॉर्ड सोडला. पुढे मुले मार्गी लागली. आम्ही नोंदणीचे नूतनीकरण करून तालुक्यातील एका रुग्णालयात अर्ज दिला. जागा होती ती डायलिसिस विभागात. तो विभाग आम्हांस सर्वस्वी नवा.

शिकविणारा तंत्रज्ञ आमच्या थोरल्या मुलाहून दोन-तीन वर्षांनीच मोठा. आम्ही त्यास ‘सर’ म्हणत असू आणि तो संकोचत असे. रुग्णाच्या हातातील धमनी शिरेस जोडून केलेली फिस्टुला त्याने प्रथम बोटांनी ओळखावयास शिकविली. त्वचेखाली मांजर गुरगुरावे तशी ती थरथरते. ती थरथर थांबली तर रुग्णाची जीवनवाटच बंद होण्याची भीती; म्हणून त्या हाताचा रक्तदाब घ्यावयाचा नाही, त्यावर उशी करून निजावयाचे नाही. एका सुईने रक्त यंत्रात जाते, दुसरीने शुद्ध होऊन परत येते. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. एका वेळेस सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते. हे सारे आम्ही वहीत लिहून घेतले आणि रात्री मुलांच्या जुन्या अभ्यासाच्या टेबलाशी बसून पाठ केले.

आमच्या पाळीत बंदरामुळे विस्थापित झालेल्या कोळीवाड्यातील एक वृद्ध येत. दोन सत्रांच्या मधे त्यांचे वजन चार-चार किलो वाढे. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे प्यालेले पाणी अंगातच साठे आणि रात्री दम लागे. ‘पाणी कमी प्या’ असे सारेच सांगत. जुन्या वॉर्डात आम्ही एक गोष्ट शिकलो होतो, की रुग्णाचे जेवण विचारल्याशिवाय त्याचा आजार कळत नाही. विचारले, तेव्हा उलगडा झाला: रोजच्या ताटात खारवलेली सुकी मासळी. मीठ तहान लावते. ते कमी केल्यावाचून पाण्यावर ताबा राहणार कसा?

ते हसून म्हणाले, “बाय, आमचा जलम खाऱ्या पान्यात गेला, आनि तू मीठ सोड म्हनतेस?”

आम्ही निरुत्तर झालो. उरणच्या मिठागरांच्या काठी ज्याचा जन्म गेला, त्याच्या ताटातून मीठ काढणे म्हणजे समुद्राने एकदा दुरावलेल्यास पुन्हा दुरावणेच होय. मग त्यांच्या सुनेस बोलावून घेतले. डॉक्टरांनी ताज्या मासळीस बेताने परवानगी दिली; डायलिसिसच्या रुग्णास प्रथिने हवीच असतात. मिठाऐवजी लसूण, मिरी आणि लिंबाचे थेंब. तीन आठवड्यांत वाढ अडीच किलोंवर आली.

पुढे एका सकाळी ते लागोपाठ जांभया देऊ लागले. यंत्र अद्याप गप्प होते. कपाळास हात लावला, तर घाम गार. रक्तदाब घेतला, तो उतरत होता. आम्ही डोके खाली, पाय वर केले. तंत्रज्ञाने पाणी ओढणे थांबवून सलाईन सोडले. दहा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडून विचारले, “आज लवकर सोडनार का?” तो तरुण ‘सर’ आमच्याकडे पाहून म्हणाला, “सिस्टर, जांभईचे मला शिकवा.”

आपल्या धर्मग्रामांतून परिचारिका झालेल्या कितीतरी भगिनी आज घरी आहेत. त्यांस एवढेच सांगावेसे वाटते: यंत्रे बदलली आहेत, ती शिकावीच लागतात, आणि धाकट्यांकडून शिकण्यात कमीपणा नाही. पण कपाळावरचा गार घाम पूर्वी होता तसाच आहे, आणि तो ओळखणारा हात आजही लागतो.